चार मीटरचा चर : सेनेगल नदीच्या मुखाशी एका रात्रीत घेतलेला निर्णय

३ ऑक्टोबर २००३ च्या रात्री, पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल देशातल्या सँ-लुई शहराच्या दक्षिणेला सुमारे सात किलोमीटरवर, नदी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीत एक चर खणला गेला. रुंदी ४ मीटर, खोली दीड मीटर, लांबी १०० मीटरच्या आसपास. शहरात शिरलेलं पुराचं पाणी समुद्रात काढून द्यायचं, एवढाच हेतू होता आणि तो साधला. मात्र चर चार मीटरचा राहिला नाही. काही दिवसांत तो दोनशे मीटरच्या पुढे गेला, आणि दहा वर्षांनी तिथे पाच किलोमीटरहून रुंद खिंडार होतं. एक गाव पाण्यात गेलं, आजूबाजूच्या मळ्यांच्या विहिरी खारट झाल्या, आणि नदीचं मुखच तीस किलोमीटरवरून शहराच्या दाराशी आलं.

पूरनियंत्रणावर बोलताना हे प्रकरण बहुधा ‘निसर्गाशी खेळ केला की असं होतं’ या एका वाक्यात निकालात काढलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या रात्री ज्यांनी हुकूम दिला त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. म्हणून प्रकरण सुरुवातीपासून मांडतो. ठिकाणांची नावं खरी आहेत, माणसांची मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

सेनेगल नदी सुमारे १,८०० किलोमीटर लांब. गिनी देशातल्या फुटा जालोंच्या डोंगरात उगवणारी बाफिंग आणि दुसरी बाकोय, या दोन नद्या मालीतल्या बाफुलाबे इथे एकत्र येतात आणि तिथून पुढे ती सेनेगल होते. नंतर दक्षिणेकडून फालेमे येऊन मिळते. मग शेकडो किलोमीटर ही नदी मॉरिटानिया आणि सेनेगल या दोन देशांची सरहद्द म्हणून वाहते. उत्तरेला सहारा, दक्षिणेला साहेलची कोरडी माळरानं, आणि मधून ही हिरवी रेघ.

या नदीचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवं. तिचा पाऊस एकीकडे पडतो आणि पूर दुसरीकडे येतो. डोंगरात जुलै ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. ते पाणी सपाट खोऱ्यातून रमतगमत खाली येतं, कारण समुद्रापासून ८०० किलोमीटर आत, बाकेल गावापाशीसुद्धा नदी समुद्रसपाटीहून जेमतेम दहा-बारा मीटर उंचीवर आहे. मुखापाशी पूर पोहोचतो तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो आणि सँ-लुईवरचं आभाळ निरभ्र असतं. कोकणातल्या नद्यांसारखा हा रातोरात येणारा लोंढा नव्हे. बाकेलला पाणी किती चढलं हे कळल्यावर सँ-लुईला ते पोहोचायला काही आठवडे लागतात. पुढे पर्यायांचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येईल.

शतकानुशतकं खोऱ्यातल्या लोकांनी याच पुरावर शेती केली. पाणी पसरायचं, ओसरायचं, मागे राहिलेल्या ओल्या गाळात ज्वारी पेरायची. अशा पूरजमिनीला तिथे ‘वालो’ म्हणतात आणि पुराच्या पलीकडच्या कोरडवाहू माळाला ‘जेरी’. वालोत पीक, जेरीत गुरं, आणि भरलेल्या तळ्याखळग्यांत मासे. शेतकरी, गुराखी आणि मच्छीमार एकाच पाण्याचे तीन हंगाम वाटून घेत.

नदी समुद्राजवळ येते आणि समुद्र काही शे मीटरांवर दिसत असताना एकदम दक्षिणेकडे वळते. कारण समोर वाळूची पट्टी आडवी पडलेली आहे. तिचं नाव लांग द बार्बारी, म्हणजे बार्बारीची जीभ. वायव्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्यालगतची वाळू सतत दक्षिणेकडे ढकलत असतात, दरवर्षी लाखो घनमीटर. त्याच वाळूची ही जीभ झाली आहे. २००३ च्या आधी ती शहराच्या खाली तीस किलोमीटरच्या आसपास लांब होती, रुंदीला बहुतेक ठिकाणी शे-चारशे मीटर. ती वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर फिलाओची झाडं लावलेली होती. फिलाओ म्हणजे आपला सुरू. आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं ज्या कारणासाठी उभी केली, त्याच कारणासाठी.

ही जीभ याआधीही अनेकदा तुटली होती, पण आपोआप. कुठेतरी पातळ व्हायची, पूर आणि उधाण एकत्र आले की फुटायची. मग उत्तरेकडून येणारी वाळू हळूहळू नवं मुख दक्षिणेकडे ढकलत न्यायची आणि जीभ पुन्हा लांब व्हायची. अशी ठळक फूट १९७३ ची. म्हणजे नदीचं मुख ही इथे कधीच स्थिर गोष्ट नव्हती. नकाशावर ती स्थिर दिसते, एवढंच.

सँ-लुई १६५९ मध्ये फ्रेंचांनी वसवलं. स्थानिक नाव न्दार. एके काळी फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी, आणि २००० पासून जागतिक वारशाच्या यादीत. शहराचे तीन तुकडे: मधे जुनं बेट, पूर्वेला मुख्य भूमीवरचं सोर, आणि पश्चिमेला वाळूच्या जिभेवर गेत न्दार ही मच्छीमारांची वस्ती. गेत न्दारमध्ये घराला घर इतकं चिकटलेलं आहे की होडी दुरुस्त करायची तर ती रस्त्यावरच करावी लागते. नदीत माम कुम्बा बांग नावाची जलदेवता राहते अशी इथली श्रद्धा आहे. ती शहराची राखण करते आणि तिला दही अर्पण करतात. शहराच्या दक्षिणेला, नदीच्या पूर्व काठावर, गांदियोल हा गावांचा पट्टा. कांदा, गाजर, भाजीपाला, थोडी मासेमारी, आणि फार जुन्या काळापासून बायकांनी चालवलेला मिठाचा धंदा. या गोष्टीत नुकसानाच्या बाजूला बसलेलं गाव म्हणजे हे गांदियोल.

धरणं आणि दुष्काळ

सत्तरच्या दशकात साहेलमध्ये दुष्काळ पडला आणि तो हटेना. १९७२ मध्ये माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी नदीसाठी संयुक्त संस्था स्थापन केली. तिचं फ्रेंच आद्याक्षरी नाव ओएमव्हीएस. गिनी त्यात २००६ मध्ये आलं. या संस्थेनं दोन धरणं बांधली. मुखाजवळ, सँ-लुईच्या वर पंचवीसेक किलोमीटरवर दियामा, १९८६ मध्ये पूर्ण. आणि दूर मालीत बाफिंगवर मानांताली, १९८८ मध्ये. मानांतालीच्या जलाशयात ११ अब्ज घनमीटरहून अधिक पाणी मावतं. तिथली वीज २००० नंतर सुरू झाली आणि तिची वाटणी मालीला ५२, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५ टक्के अशी ठरली.

दियामाचं काम वेगळं. ते पाणी साठवण्यापेक्षा समुद्र अडवण्यासाठी बांधलेलं आहे. पूर्वी कोरड्या महिन्यांत भरतीचं खारं पाणी नदीत दोनशे किलोमीटरपर्यंत आत चढायचं. दियामानं ते थोपवलं आणि वरच्या बाजूला बारमाही गोडं पाणी झालं, भात आणि उसाची बागायत उभी राहिली. त्याची किंमतही वरच्याच लोकांनी मोजली. गोड्या, संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या, आणि १९८८ पासून रिशार-तोल भागात आतड्याच्या बिल्हार्झियाची, म्हणजे गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमींच्या आजाराची, साथ पसरली. तिची कथा मोठी आहे, पण इथे ती बाजूला ठेवतो.

आपल्याला हवी ती गोष्ट अशी: धरणाबरोबर दोन्ही काठांना बांधही आले. डावीकडे त्रिभुज प्रदेशात १९६४ पासूनच होता, उजवीकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झाला. पूर्वी पुराचं पाणी ज्या सखल तळ्यांत आणि पाणथळींत पसरायचं, त्या बांधांच्या पलीकडे गेल्या. पाण्याला पसरायला जागा उरली नाही.

आणि याच काळात शहर उलट दिशेनं पसरलं. दुष्काळानं खेड्यातून निघालेली माणसं सँ-लुईला आली आणि सोरच्या बाजूला सखल जागी घरं बांधू लागली. वीस वर्षं मोठा पूरच न आल्यानं या जागा पुराच्या आहेत हे कुणाला जाणवेना. नदीची जमीन रिकामी दिसली की ती आपलीच वाटते, याचा अनुभव पुण्या-सांगलीकडे कमी नाही.

नव्वदच्या दशकात पाऊस परतला. १९९९ मध्ये शहरात पाणी शिरलं.

अडचण

२००३ चा पाऊस चांगला झाला. चांगला म्हणजे खोऱ्यासाठी. सप्टेंबर संपता संपता सँ-लुईतली पातळी चढत गेली आणि सोरच्या सखल वस्त्यांत पाणी उभं राहिलं. इथला पूर वेगानं वाहून नेत नाही. तो साचतो आणि आठवडे तसाच राहतो. शौचखड्डे भरतात, पिण्याचं पाणी बिघडतं, शाळा बंद पडतात, मातीच्या भिंती बसतात. शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात होती.

पाणी बाहेर जाण्याची वाट तीस किलोमीटर दक्षिणेला. इतका लांब फेरा, तोही जवळपास शून्य उतारावर. डोळ्यासमोर मात्र वाळूची एक पट्टी आणि तिच्या पलीकडे समुद्र, नदीपेक्षा खालच्या पातळीवर. शहरातल्या कुणालाही सुचावं असंच ते होतं.

पर्याय

त्या आठवड्यात टेबलावर होते आणि असायला हवे होते, असे दोन्ही इथे एकत्र घेतो.

वरून पाणी कमी सोडणं. मानांताली फक्त बाफिंग अडवतं. बाकोय आणि फालेमे मोकळ्या. शिवाय मानांतालीत आज दार बंद केलं तरी त्याचा परिणाम मुखाशी दिसायला आठवडे लागणार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हा पर्याय संपलेला होता. ऑगस्टमध्ये कदाचित नव्हता.

दियामाची दारं बंद करणं. सामान्य माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. पण दियामाला तेवढी साठवण नाही. मोठ्या पुरात दारं उघडावीच लागतात, नाहीतर धरण आणि बांध दोन्ही धोक्यात.

पाणी बाजूला पसरवणं. नदीकाठच्या जुन्या खोलगट भागांत, तळ्यांत दरवाजांवाटे पाणी घेणं. तत्त्वतः हाच सगळ्यात सरळ उपाय, कारण नदी तेच करत आली होती. मॉरिटानियाच्या काठावर, दियामाच्या खाली, असं एक उदाहरण चालूही होतं. दियावलिंगच्या राष्ट्रीय उद्यानात १९९४ पासून बांधातल्या दरवाजांतून मुद्दाम पूर आत घेतला जाऊ लागला होता. पण असे दरवाजे, कालवे आणि जमिनीबाबतचे करार आधी करून ठेवावे लागतात. पुराच्या रात्री ते उभे करता येत नाहीत.

पंप, तात्पुरते बांध, वस्त्या हलवणं. खर्चिक, कंटाळवाणं, आणि लोकांच्या नजरेत ‘काही करत नाहीत’ असं दिसणारं. शिवाय पाणी आणखी किती चढणार हे नक्की माहीत नव्हतं. चढलं असतं आणि बेटावर, गेत न्दारमध्ये माणसं दगावली असती, तर हा लेख उलट्या बाजूनं लिहिला गेला असता.

जीभ कापणं. स्वस्त, झटपट, परिणाम खात्रीचा. यातही पोटपर्याय होते: कुठे कापायची, कडा दगडांनी बांधून घ्यायच्या का, पूर ओसरल्यावर बुजवायची कशी.

माझ्या मते खरी चूक या शेवटच्या वाक्यात आहे. कापायचं की नाही यावर आजही लोक भांडतात. पण ‘कापायचं’ ठरल्यावर उरलेल्या तीन प्रश्नांतल्या पहिल्याचंच उत्तर दिलं गेलं.

काय केलं

३ ऑक्टोबरच्या रात्री यंत्रं जिभेवर गेली आणि चर खणला गेला. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास झाला नव्हता. कडांना संरक्षण नव्हतं. जिथे चर निघाला त्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर गांदियोलची गावं होती. त्यांच्याशी सल्लामसलत झाली नाही.

पाणी सुटलं. वाळूच्या चरातून वेगानं जाणारं पाणी काय करतं हे पावसाळ्यात समुद्रकिनारी ओहोळ पाहिलेल्या कुणालाही माहीत असतं. कडा ढासळतात, ढासळलेली वाळू वाहून जाते, प्रवाह रुंदावतो, आणखी पाणी येतं. शहरातली पातळी झपाट्यानं उतरली. काही दिवसांत वस्त्या मोकळ्या व्हायला लागल्या. शहरानं सुटकेचा श्वास टाकला, आणि तो खोटा नव्हता.

परिणाम

पूर गेला, पण खिंडार राहिलं.

मुखापर्यंतचा तीस किलोमीटरचा रस्ता सातवर आला, म्हणजे उतार चौपटीनं वाढला. पाणी नव्या वाटेनंच जाऊ लागलं. जुन्या मुखाकडे प्रवाहच उरला नाही, त्यामुळे वाळू तिथे साचली आणि ते बुजून गेलं. दुसरी वाट बंद झाल्यावर चर बुजवण्याचा विचारही अशक्य झाला. पुढच्या वर्षीच्या पुरानं जायचं कुठून?

मग भरतीचा प्रश्न. पूर्वी भरती तीस किलोमीटरच्या अरुंद पात्रातून शहरापर्यंत येताना थकून जायची. आता ती रुंद दारातून थेट आत. सँ-लुईपाशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे तिप्पट झाला. त्यात वर पंचवीस किलोमीटरवर दियामाचं बंद दार. कोरड्या महिन्यांत वरून गोडं पाणी जवळपास येतच नाही, खालून समुद्र येतो, आणि मधला पट्टा नदी न राहता समुद्राचा फाटा होतो. दियामा नसतं तर खिंडाराचा परिणाम वेगळा झाला असता. खिंडार नसतं तर दियामाच्या खालचा त्रास इतका वाढला नसता. दोन निर्णय, सतरा वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या लोकांनी घेतलेले, एकाच ठिकाणी येऊन भिडले.

आणि खिंडार सरकू लागलं. यामागचं कारण वाळूच्या प्रवासात आहे. उत्तरेकडून येणारी वाळू खिंडाराच्या उत्तर काठावर थांबते, म्हणून ते टोक वाढतं. दक्षिणेकडच्या जिभेला मात्र वाळूचा पुरवठा तुटला, आणि लाटा तिला खात राहिल्या. सुरुवातीची वर्षं दक्षिण टोक जितक्या वेगानं झिजत होतं तितक्या वेगानं उत्तर टोक वाढत नव्हतं. म्हणून रुंदी वाढत गेली. जिभेचा आडोसा गेला की त्यामागचा काठ उघडा पडायचा आणि अटलांटिकच्या लाटा थेट त्याच्यावर. एकेका गावाची पाळी येत गेली.

दून बाबा दियेय हे नदीतल्या बेटावरचं मच्छीमारांचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या जिभेच्या आडोशाला सुरक्षित. खिंडार समोर आल्यावर आधी किनारा गेला, मग घरं, आणि दशकभरात गाव सोडावं लागलं. लोक गांदियोलच्या मुख्य भूमीवर पांगले. केर बर्नार्डमध्येही घरं गेली. जिभेच्या दक्षिण भागात १९७६ पासून एक राष्ट्रीय उद्यान आहे, कासवांचं आणि समुद्रपक्ष्यांच्या विणीचं. त्याचा मोठा तुकडाही समुद्रानं नेला.

गांदियोलच्या मळ्यांचं नुकसान फोटोत दिसत नाही म्हणून त्याबद्दल कमी बोललं जातं. वाळूच्या टेकड्यांमध्ये पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगत असतं. शेतकरी हातानं उथळ विहिरी खणून तेवढाच थर उपसतात. जरा जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, हे त्यांना पिढीजात ठाऊक असतं. पूर्वी पुराच्या महिन्यांत शेजारून गोडी नदी वाहायची आणि या थराला टेकू मिळायचा. खिंडारानंतर गोड्या पाण्याचे महिने कमी झाले, भरती वाढली, आणि नदीकाठच्या विहिरी एकामागून एक खारावल्या. कांदा असो की गाजर, अशा पाण्यावर पीक तग धरत नाही. मळे मागे सरकले, काही सोडून दिले गेले. ज्या गावानं मीठ विकून नाव कमावलं, त्याच्या पिकात मीठ आलं. हे लिहायला चमकदार वाटतं. तिथल्या शेतकऱ्यासाठी ते पंचवीस पावलं मागे नवी विहीर खणणं आहे, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच.

मच्छीमारांचा हिशेब सरळ नाही. पूर्वी गेत न्दारच्या होड्यांना समुद्रात जायचं तर एक तर किनाऱ्यावरच्या फुटत्या लाटांतून होडी ढकलायची, नाहीतर नदीतून तीस किलोमीटर खाली जुन्या मुखापर्यंत जायचं. नव्या मुखानं वाट जवळ आली, इंधन वाचलं. सुरुवातीला बऱ्याच जणांना ते बरंच वाटलं. पण सरकत्या मुखाशी वाळूचे उंचवटे रोज जागा बदलतात. ओहोटीचा बाहेर जाणारा प्रवाह आणि बाहेरून येणारी लाट समोरासमोर भिडली की पाणी उभं राहतं. काल जिथून होडी गेली तिथे आज ती उलटते. या वीस वर्षांत शेकडो जण खिंडारात गेले असं स्थानिक मच्छीमार सांगतात. त्यात मासे कमी होत गेले, मॉरिटानियाच्या पाण्यात मासेमारीच्या परवान्यांवरून तंटे झाले. याच किनाऱ्यावरून तरुण पोरं होड्यांत बसून कॅनरी बेटांकडे निघू लागली. ते सगळं एका चराच्या माथी मारणं अन्याय होईल. पण चर त्या यादीत आहे.

शहराचं काय? २००३ नंतर नदीच्या पुराची भीती खरंच कमी झाली. हे मान्य करायला हवं. उत्तरेला गेत न्दारची घरं २०१७-१८ मध्ये लाटांनी पाडली आणि माणसांना आत दियुगोपला हलवावं लागलं, ते मुख्यतः उघड्या समुद्राकडून झालेलं नुकसान आहे. ते खिंडाराच्या खात्यावर टाकणारे बरेच लेख मी वाचले. तिथे खिंडारापेक्षा चढता समुद्र आणि किनाऱ्याची झीज जास्त बोलते.

निर्णय नक्की कधी झाला

हे प्रकरण शिकवताना लोक ३ ऑक्टोबरवर बोट ठेवतात. मी चार वेगळ्या तारखा मांडेन.

पहिली, सोरच्या सखल भागात वस्ती उभी राहिली ती वर्षं. त्यात एक असा हुकूम सापडत नाही, हीच अडचण. दुष्काळात कुणी कुणाला ‘इथे घर बांधू नकोस’ म्हणणार?

दुसरी, काठांचे बांध झाले तेव्हा. बांधाच्या आत राहणाऱ्याला संरक्षण मिळालं, आणि तेच पाणी खालच्या शहराकडे सरकवलं गेलं. बांधाबरोबर पूर वळवण्याची दारं आणि जागा ठरवून ठेवल्या असत्या तर २००३ मध्ये तिसरा पर्याय हाताशी असता. दियावलिंगमध्ये नेमकं हे केलं गेलं आणि त्याची फळं पंचक्रोशीला मिळाली. पूर परत आल्यावर मासे आले, आणि चटया विणायला लागणारं गवत उगवू लागल्यानं काठावरच्या बायकांचा धंदाही सावरला. सुरुवातीला तिथल्या लोकांना उद्यान म्हणजे सरकारी बळजोरी वाटत होती. पाणी कधी सोडायचं यात त्यांचं म्हणणं धरायला लागल्यावर सूर बदलला. दोन्ही ठिकाणं एकाच त्रिभुज प्रदेशात, एकमेकांपासून दिवसाच्या वाटेवर.

तिसरी, सप्टेंबर २००३. बाकेलला पाणी चढलेलं दिसलं तेव्हापासून सँ-लुईला ते पोहोचेपर्यंतचे आठवडे. या आठवड्यांत चर खणायचाच असता तर कुठे खणल्यानं काय होईल याचा किमान कच्चा हिशेब मांडता आला असता. जास्त दक्षिणेला, जुन्या मुखाजवळ खणला असता तर शहराला फायदा कमी, पण गांदियोलसमोर दार उघडलं नसतं. कडांना दगड आणून ठेवता आले असते. समोरच्या गावांना निदान सांगता आलं असतं. ‘वेळ नव्हता’ हे समर्थन ज्या नदीचा पूर काही आठवडे आधी कळवून येतो तिच्या बाबतीत मला पटत नाही.

चौथी तारीख सगळ्यांत दुर्लक्षित. ऑक्टोबर संपताना, पूर ओसरू लागल्यावर. खिंडार अजून काही शे मीटरचं होतं, जुनं मुख पूर्ण बुजलं नव्हतं. बुजवायचं असेल तर हीच वेळ होती. ते जमलंच असतं असं मी म्हणणार नाही. फुटलेली वाळू वाहत्या पाण्यात बुजवणं महाग आणि बेभरवशाचं काम आहे. पण शहर कोरडं झालं होतं, आणि ज्यांच्यासाठी चर खणला त्यांची तक्रार संपली होती. गांदियोलची सुरू व्हायची होती.

इथे एक गोष्ट स्वतःलाही बजावून सांगतो. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना आजचा नकाशा दिसत नव्हता. जीभ आधीही फुटली होती आणि पुन्हा जुळली होती. त्या अनुभवावरून, यावेळीही जुळेल असं वाटणं वेडेपणाचं नव्हतं. फरक इतकाच की आधीची फूट नदीनं जिथे जीभ पातळ होती तिथे निवडलेली होती, आणि तेव्हा दियामा नव्हतं.

आता

गांदियोलच्या काही गावांनी काठावर खारफुटी लावली आहे. पाणी खारं झालंच आहे तर खाऱ्या पाण्यातली झाडं. मळे आत सरकले आहेत. उरलेल्या जिभेवर सुरूची झाडं मुळं उघडी टाकून वाळूत आडवी पडतात.

आणि उत्तर टोक वाढतंय. लाटांनी आणलेली वाळू जिथे थांबते तिथून जीभ पुन्हा दक्षिणेकडे लांबते आहे, पूर्वी प्रत्येक फुटीनंतर लांबली तशीच. ती अशीच वाढत राहिली तर गांदियोलच्या एकेका गावासमोर आडोसा परत येईल, आणि मुख पुन्हा शहरापासून दूर जाईल. मग ऑक्टोबरमध्ये पुराला पुन्हा लांबचा फेरा घ्यावा लागेल. सोरच्या सखल जागी तेव्हाही घरं असतील, २००३ पेक्षा जास्त.